शेपटीतल्या गाठी

बैलाच्या शेपटीवरून हात फिरवला की त्याच्या धन्याबद्दल बरंच कळतं. बुडापासून गोंड्यापर्यंत मणके एकापुढे एक लागत जातात, जपमाळेच्या मण्यांसारखे. निरोगी शेपटीत बोट कुठं अडत नाही. पण कितीतरी बैलांच्या शेपटीत मध्येच गाठ लागते. एकच नाही, तीन-तीन, चार-चार. वखर चिखलात अडला, बंडी चढावर थांबली, की शेपूट पिरगाळायचं. त्यात कधी मणका निखळतो, कधी मोडतो, आणि मग तसाच वेडावाकडा जुळून येतो. ती गाठ जन्मभर राहते.

मी यवतमाळ जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात, मीही आता दुरुस्त करत नाही. काही वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत एका शेतकऱ्यानं अंधार पडता पडता बोलावलं. बैलाची शेपटी सुजली होती, पुठ्ठ्यावर वळ होते. “कसं लागलं?” विचारलं. “पडला जी,” तो म्हणाला. त्याची बायको टॉर्च धरून उभी होती. तिच्या डाव्या हातात बांगड्या होत्या, उजव्यात एकही नव्हती. दारात सात-आठ वर्षांचा पोरगा. धन्यानं वेसण धरायला हात उचलला तेव्हा बैलानं डोळे मिटून मान बाजूला घेतली, आणि दारातल्या पोरानं कोपर डोक्यावर नेलं. दोघांनी एकाच वेळी.

मी इंजेक्शन दिलं, मलम दिलं, आणि नोंदवहीत इजेच्या कारणापुढं लिहिलं: ‘पडल्यामुळे’.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. जनावराला मारणं आणि माणसाला मारणं यांचा खरंच काही संबंध आहे का? असेल तर कसला? जे मिळालं ते वाचलं, आणि गोठ्यात जे दिसतं त्याच्याशी ताडून पाहिलं.

मोबाइलवर एक वाक्य नेहमी फिरतं: आज जो कुत्रं मारतो, तो उद्या माणूस मारतो. ऐकायला पटतं, पण तसं ते अर्धंच खरं आहे. ह्या समजुतीला जोर आला तो १९६३ मध्ये. अमेरिकेत कोलोराडोमधल्या मॅकडॉनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं खुनाची धमकी देणाऱ्या १०० रुग्णांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याला लहानपणच्या तीन गोष्टी वारंवार दिसल्या: मोठं होऊनही अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि जनावरांचा छळ. पुढं पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी आणि सिनेमावाल्यांनी ह्या तिन्हींची जणू खुन्याची कुंडलीच करून टाकली. नंतरच्या संशोधनात ती कुंडली टिकली नाही. ह्या खुणा दिसणारी बहुतेक मुलं कुणाचा खून करत नाहीत. उलट अशा मुलाचाच घरात छळ होत असण्याची शक्यता असते. म्हणजे खूण पुढच्या गुन्ह्याची समजली गेली, निघाली मागच्या जखमेची.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तोही अमेरिकेतलाच, मॅसॅच्युसेट्स राज्यातला, १९९९ साली छापून आलेला. जनावरांवरच्या क्रूरतेचे खटले झालेली १५३ माणसं संशोधकांनी घेतली. मग प्रत्येकाच्या आळीतला, त्याच्याच वयाचा, तसाच एक शेजारी घेतला. असे १५३ शेजारी. दोन्ही याद्या पोलीस दप्तराशी ताडून पाहिल्या. जनावरांना छळणाऱ्यांत माणसांवर हिंसा केल्याच्या नोंदी शेजाऱ्यांच्या पाचपट निघाल्या. इथपर्यंत मोबाइलवरचं वाक्य बरोबर. पण पुढं पाहा. चोऱ्या, नशा, रस्त्यावरचे दंगे यांच्या नोंदीही त्यांच्यातच जास्त होत्या. आणि आधी जनावर, मग माणूस असा क्रम काही सापडला नाही. कुणी आधी माणसाला मारलं होतं, कुणी आधी कुत्र्याला.

म्हणजे हा जिना नाही, की खालच्या पायरीवर कुत्रं आणि वरच्या पायरीवर माणूस. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी जावं तसं आहे. एका पाटात पाणी दिसलं तर मोट चालू आहे एवढं पक्कं. दुसऱ्या पाटातही असेल असा संशय घ्यायला जागा आहे. पण ह्या पाटातून त्या पाटात पाणी गेलं, असं म्हणता येत नाही. म्हणून मारलेलं जनावर पाहिलं की हा माणूस पुढं काय करेल ह्याचं भाकीत मांडू नये. आज ह्या घरात काय चाललंय, ते विचारावं.

आता ती विहीर कसली?

दारू हे सगळ्यात सोपं उत्तर. आपल्याकडं त्याचा अनुभवही दांडगा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. ह्या बंदीच्या मागण्यांत बाया पुढं होत्या, उगीच नव्हत्या. पण दारू न पिणारेही मारतात. तेव्हा नुसती बाटली फोडून प्रश्न सुटत नाही.

दुसरं उत्तर आपल्या म्हणीत आहे: वड्याचं तेल वांग्यावर. बियाणं उगवलं नाही, दुबार पेरणीला पैसा नाही, जिनिंगवर कापसात ओल दाखवून भाव पाडला. हा सगळा राग जिथं काढायला हवा तिथं निघत नाही. तो खाली खाली उतरत जातो. मालक सालगड्यावर, सालगडी बैलावर, बाप पोरावर, पोरगा कुत्र्याच्या पिल्लावर. ह्या उतरंडीत सगळ्यात खाली नेहमी तो असतो ज्याला उलटून बोलता येत नाही.

इथं एक गोष्ट मला खटकते. मारणारा म्हणतो, “राग आवरला नाई जी.” खरंच? हाच माणूस व्यापाऱ्यासमोर हात जोडून उभा असतो. राग तिथं बरोबर आवरतो. सरपंचाचा गोऱ्हा त्याच्या तुरीत शिरला तर तो त्याला अलगद हाकलतो, आणि आपल्या घरच्या गाईनं बादली लवंडली तर फावड्याचा दांडा घेतो. राग कुठं सोडायचा हे त्याला नेमकं कळतं. म्हणून हा नुसत्या रागाचा मामला नाही, ताब्याचा आहे.

ताब्याचं हे गणित बायकोच्या बाबतीत उघडं पडतं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात फ्रँक ॲसिओन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या छळामुळं आसरागृहात आलेल्या ३८ बायांशी बोलून १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्याकडं पाळीव जनावरं होती, त्यांतल्या ७१ टक्के बायांनी सांगितलं की त्यानं जनावराला मारण्याची धमकी दिली, इजा केली किंवा जीव घेतला. संख्या लहान आहे, आणि आसरागृहात पोचलेल्या बाया म्हणजे साऱ्या बाया नव्हेत. तरी गोष्ट ओळखीची वाटते. जनावराला मारणं हा तिथं निरोप असतो. बायकोच्या अंगावर वळ न उठवता तिला सांगायचं, की तुझी पाळी लांब नाही.

तिकडं कुत्रं-मांजर, आपल्याकडं शेळी. बचत गटाचं कर्ज काढून बाईनं घेतलेली शेळी म्हणजे तिची स्वतःच्या नावाची तिजोरी. पोराची फी, आजारपण, माहेरचं लग्न, सगळं त्या दोन शेळ्यांवर निघतं. नवऱ्यानं भांडणात त्यातली एक विकली, किंवा दगड घालून लंगडी केली, तर गावात कुणी त्याला मारहाण म्हणत नाही. ‘घरचा मामला’ म्हणतात. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच आहे, आणि जिच्यात बाईचा हक्क किंवा हितसंबंध आहे अशी चीजवस्तू परस्पर विकणं त्यात येतं. शेळी हा शब्द कायद्यात नाही, पण शेळीवर दाद मागता येते. संरक्षण अधिकाऱ्याकडं जाताना बचत गटाचं पासबुक सोबत न्यावं.

जनावरामुळं बाई घर सोडत नाही, हेही मी पाहिलंय. लांबून सोपं वाटतं: मारतो तर माहेरी जा. पण दुभती गाय तिच्याच हातची सवयीची असते. भ्यालेली गाय पान्हा चोरते. यात भाबडं काही नाही, शरीराचं काम आहे. वासराच्या ढुसण्यानं किंवा ओळखीच्या हातानं गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, कास आवळते आणि दूध खाली येतं. भीती वाटली की ॲड्रेनलीन वाढतं आणि ते हे काम अडवतं. दूध कासेतच राहतं. मग नवरा फोनवर म्हणतो, “गाय दूध देऊन नाई रायली, तू ये लवकर.” ती येते. गाईसाठी येते, असं सांगते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या साधारण चौघींपैकी एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. सांगितलेलं एवढं. न सांगितलेलं गोठ्यात पाहावं.

पण उलटा हिशेब मांडू नका. बैल गुटगुटीत दिसतात म्हणजे घरात सारं गोड आहे, असं मुळीच नाही. खांदेमळणीला हळद-तुपानं बैलाचा खांदा चोळणारा, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणारा आणि पोळ्याला त्याच्या पायावर डोकं ठेवणारा माणूस घरात बायकोला लाथेनं मारताना मला ठाऊक आहे. बैलजोडीला पैसा पडलेला असतो, म्हणून तिला हात लावताना तो विचार करतो. म्हणून मी आता जोडीकडं कमी बघतो. दारातलं कुत्रं, नको असलेला गोऱ्हा, आटलेली म्हैस, म्हातारा बैल, म्हणजे ज्यांच्यावर काही पैसा उरलेला नाही, त्यांच्याकडं बघतो.

पोरांचा विषय नाजूक आहे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून आपण सगळ्यांनी उडवलाय. सरड्याला दगड मारलेत. पाच-सहा वर्षांच्या पोराला कळत नसतं की ह्याला दुखतं. समजावून सांगितलं, त्याच्या हातानं पिल्लाला दूध पाजवलं, की बहुतेकांचं ते सुटतं. काळजी कधी करायची? कळायला लागलेलं पोर पुन्हा पुन्हा करतंय, लपून करतंय, आणि जनावर कळवळलं की त्याला मजा येतेय, तेव्हा. मानसोपचारवाल्यांनी अमेरिकेतल्या त्यांच्या निदान-पुस्तिकेत १९८७ पासून जनावरांचा छळ हे मुलांच्या आचरण-विकाराचं एक लक्षण धरलंय. एक लक्षण, अख्खा रोग नव्हे. अशा पोराला झोडपलं तर तो तेच शिकतो जे त्याला आधीच येतंय. त्याच्याशी बोलायला हवं, आणि त्याला घरात कोण मारतं ते शोधायला हवं.

शोधायला हवं असं म्हणतो ते ह्यासाठी: न्यू जर्सीत मुलांच्या छळाची नोंद झालेल्या ५३ कुटुंबांचा अभ्यास १९८३ मध्ये आला. त्यातल्या ६० टक्के घरांत जनावरांचेही हाल होते. जिथं मुलाला प्रत्यक्ष मारहाण होती, तिथं ८८ टक्के.

ह्या दोन गोष्टी एकत्र पाहणं तसं जुनंच. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या लहान मुलीला सांभाळणारी बाई कात्रीनं, चाबकानं मारत होती. मुलीसाठी धडपडणारी समाजसेविका एटा व्हीलर शेवटी हेन्री बर्ग यांच्याकडं गेली. त्यांनी १८६६ मध्ये जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्था काढली होती. तेव्हा मुलांसाठी तशी संस्था नव्हती. बर्ग यांच्या वकिलानं खटला चालवून मुलगी सोडवली, आणि त्याच वर्षी मुलांसाठीची संस्था उभी राहिली. ‘मुलगी जनावर आहे असं सांगून कोर्टातून सोडवली’ अशी कथा लोक रंगवून सांगतात, ती खोटी. पण घोड्याच्या पाठीवरचे वळ ओळखणाऱ्या माणसाला पोरीच्या पाठीवरचे वळ लगेच ओळखू आले, एवढं खरं.

आपल्याकडं तर ही गोष्ट घराघरात ठाऊक आहे. पैठणला रेड्याच्या पाठीवर कोरडे ओढले आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले. चमत्कार माना, नका मानू.

तान्ह्या पोळ्याला त्या बैलवाल्याच्या गावात होतो. पोरं लाकडी बैल सजवून रांगेत उभी होती, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चालल्या होत्या. तो कोपर वर करणारा पोरगाही होता. त्याच्या लाकडी बैलाच्या शेपटीला चिंधी गुंडाळलेली. विचारलं, तर म्हणाला, “मोडली हाय जी. दवा लावली.” मारहाण बघणारी सारीच पोरं सारखी होत नाहीत.

क्रूरता कशाला म्हणायचं नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर गरिबावर कज्जा होतो. खांद्याला जू घासून झालेली सूज बहुतेक वेळा वाईट जुवाची आणि जास्त कामाची असते. चारा नसलेल्या वर्षी बरगड्या दिसणारा बैल हा दुष्काळाचा पुरावा आहे, धन्याच्या दुष्टपणाचा नाही. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्रीतून कपाशी लोळवतात तेव्हा शेतकरी जे करतो ते कधी बेकायदा असतं, कुंपणात सोडलेला करंट तर माणसांचाही जीव घेतो, पण मूळ त्याचं पीक वाचवण्यात आहे. नवसाचं बोकड कापणं हा आणखी वेगळा वाद. शेंडगावचे गाडगेबाबा त्याविरुद्ध जन्मभर कीर्तनातून बोलले, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. तरीही बोकड कापणारा म्हणून कुणी बायकोला मारणारा ठरत नाही. आपण इथं बोलतोय ते गरज नसताना, जाणूनबुजून दिलेल्या वेदनेबद्दल.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं, विचाराल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये त्या थांबवल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा बदललेला कायदा ग्राह्य धरला. नियम पाळून पट भरवता येतो. नियम किती पाळतात ते शेपटी तपासून ठरवावं.

कायदा म्हणाल तर १९६० चा आहे. जनावराला निर्दयपणे मारणं, झेपणार नाही इतकं लादणं हा गुन्हा. शिक्षा पहिल्या खेपेला १० ते ५० रुपये दंड. एवढ्यात आता धड दावंही येत नाही. १९६५ च्या नियमांनी टोकदार काठी बंद केली, म्हणजे बैल हाकायच्या तुतारीच्या टोकाची आर तेव्हापासून बेकायदा आहे. दुपारी १२ ते ३ मध्ये पारा ३७ अंशांच्या वर असेल तर जनावर जुंपायचं नाही, असंही त्यात आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा नियम वाचून हसू येतं. जनावराला ठार मारणं, विष घालणं, कायमचं अधू करणं ह्यासाठी मात्र भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

मग माझ्यासारख्यानं, आशाताईनं, अंगणवाडी ताईनं, शेजाऱ्यानं करायचं काय? बाईला “नवरा मारतो का?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “नाई जी, पायरीवरून पडली.” मी विचारतो, “ही गाय कोणाले भिते?” गाईबद्दल बाई मोकळं बोलते. बोलता बोलता कधी स्वतःवर येते, कधी येत नाही. एकच पथ्य: पुरुषाला तिथल्या तिथं, तिच्यादेखत जाब विचारायचा नाही. आपण मोटरसायकलला किक मारून निघून जातो, रात्र तिला काढायची असते. ती एकटी भेटेल तेव्हा नंबर सांगावेत: बायांसाठी १८१, पोरांसाठी १०९८, जीव धोक्यात असेल तर ११२. जनावराच्या उपचाराला १९६२.

आणि मी नोंदवहीत आता ‘पडल्यामुळे’ लिहीत नाही. पहिल्यांदा ‘मारहाणीमुळे’ लिहिलं तेव्हा धन्यानं सहीसाठी वही हातात घेतली, ते वाचलं, आणि पेन तसाच धरून उभा राहिला. “सायेब, पडला असं लिहा न जी.” मी काही बोललो नाही. त्यानं सही न करता वही परत दिली आणि बैल घेऊन गेला. आठ दिवसांनी ड्रेसिंगला बैल आला, तेव्हा कासरा त्याच्या बायकोच्या हातात होता. तिनं वही मागितली, बोटानं रकाना शोधला, आणि खाली सही केली.